कन्सल्टिंगमध्ये नवे आहात? जॉइनिंगच्या कागदांपासून पहिला प्रोजेक्ट संपेपर्यंत

मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्ममध्ये ॲनालिस्ट म्हणून लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात कंपनीची दिशा ठरवायला कोणी बोलावत नाही. त्याच्याकडे क्लायंटच्या विक्रीची दोन लाख ओळींची एक्सेल फाइल येते आणि ‘कुठल्या डेपोत मार्जिन गळतंय ते संध्याकाळपर्यंत सांग’ असा निरोप येतो. उत्तर दिलं की मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो, ‘हा आकडा आला कुठून?’ तिथे अर्ध्या मिनिटात मूळ फाइल, मूळ कॉलम, लावलेले फिल्टर दाखवता आले तर पुढचं काम मिळतं. ‘बघून सांगतो’ म्हणालात तर तुमचा प्रत्येक आकडा पुढे दोनदा तपासला जातो. हुशार मुलं या धंद्यात भरपूर येतात. ज्यांचा आकडा डोळे मिटून वापरता येईल अशी फार थोडी असतात. खालच्या बहुतेक पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. जॉइनिंगच्या आधी: कागद आणि घोषणा

एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा:

- पॅन, आधार, पासपोर्ट (परदेशी क्लायंट नसला तरी वैध असू द्या)
- दहावीपासून शेवटच्या पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका. सेमिस्टरच्या सगळ्या, फक्त शेवटची नव्हे
- आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या
- पीएफचा बारा अंकी यूएएन
- रद्द केलेला चेक
- डिमॅट खात्याचं ताजं होल्डिंग स्टेटमेंट

पहिला अडथळा नावाचा असतो. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पॅनवर आद्याक्षरं, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, लग्नानंतर बदललेलं आडनाव पासपोर्टवर. पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी एवढ्यावरच फाइल अडकवते. जॉइनिंगच्या महिनाभर आधी पॅन आणि आधार जुळवून घ्या. बाकीच्यांसाठी प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

दुसरी गोष्ट तारखांची. बायोडेटात ‘जून २०२२’ आणि रिलीव्हिंग लेटरवर ‘२३ मे २०२२’ असेल तर तो महिनाभराचा खोटेपणा ठरू शकतो. बायोडेटा कागदावरून लिहा, आठवणीवरून नको.

यूएएन जुना असेल तर तोच द्या. चुकून दुसरा निघाला तर दोन्ही जुळवत बसण्यात महिने जातात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीच्या मालकाकडचं त्याच आर्थिक वर्षातलं उत्पन्न आणि कापलेला कर नव्या फर्मला कळवा. कळवलं नाही तर दोन्ही ठिकाणी करमाफीची मर्यादा पूर्ण धरली जाते, टीडीएस कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकरकमी भरणा अंगावर येतो. महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय करही जातो, वर्षाला २,५०० रुपये. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० दिसले म्हणून पेरोलला मेल करू नका, हिशेब तसाच आहे.

डिमॅट स्टेटमेंट कशाला, असं वाटेल. ऑडिटही करणाऱ्या फर्ममध्ये स्वातंत्र्याचे, म्हणजे ऑडिट होणाऱ्या कंपनीत आपला पैसा गुंतलेला नसावा असे, नियम कडक असतात. फर्म ज्या कंपनीचं ऑडिट करते तिचे शेअर तुमच्याकडे असतील तर विकावे लागू शकतात, काही वेळा जोडीदाराकडचेही. घरच्या धंद्यात तुम्ही संचालक किंवा भागीदार असाल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. ही माहिती तुमच्याकडून आली तर एक फॉर्म भरावा लागतो, नंतर दुसरीकडून कळली तर चौकशी होते.

ऑफर लेटरमध्ये तीन जागा नीट वाचा: नोटिस पीरियड किती, जॉइनिंग बोनस फर्मला कधीपर्यंत परत मागता येतो, आणि पगारातला बदलता भाग कशावर अवलंबून आहे. सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या) मोठ्या आकड्यात मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि हा बदलता भाग धरलेला असतो. भाड्याचं घर बघताना हातात येणारा आकडा धरा.

२. पहिला आठवडा

ट्रेनिंगचे व्हिडिओ तर पाहायचेच आहेत, पण तीन कामं त्याआधी उरका: व्हीपीएन घरून चालतं का ते तपासा, फर्मचा अधिकृत स्लाइड टेम्प्लेट उतरवून घ्या, आणि टाइमशीटचा कोड कुणाकडून मिळतो ते विचारा.

टाइमशीट रोज भरा. शुक्रवारी आठवून भरलेली टाइमशीट म्हणजे कादंबरी असते. नव्यांची ठरलेली चूक म्हणजे बारा तास काम करून आठ लिहिणं, आपण हळू आहोत हे दिसू नये म्हणून. पुढच्या प्रोजेक्टची फी आणि माणसं याच नोंदींवरून ठरतात. तुम्ही लपवलेले चार तास पुढच्या टीमच्या डोक्यावर बसतात. उलट, कामाला जास्त वेळ लागतोय असं दिसलं की मॅनेजरला आधी सांगा आणि खरे तास लिहा.

३. प्रोजेक्ट मिळाला: पहिले ४८ तास

आधी क्लायंटशी झालेला करार किंवा प्रपोजल मागून घ्या. त्यात काय करायचं आहे हे लिहिलेलं असतं आणि काय करायचं *नाही* हेही. दुसरा भाग जास्त कामाचा. क्लायंटचा अधिकारी तिसऱ्या आठवड्यात ‘जाता जाता एवढं बघून द्या ना’ म्हणेल तेव्हा ते करारात आहे की नाही हे तुम्हाला माहीत हवं. लगेच ‘हो’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही. ‘मॅनेजरशी बोलून सांगतो’ एवढंच पुरे.

मग वार्षिक अहवाल. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर मागच्या तीन वर्षांचे अहवाल फुकट मिळतात. अध्यक्षांचं पत्र चाळा आणि सोडा. खरी माहिती हिशेबाच्या टिपांमध्ये असते: विभागवार विक्री, येणी किती जुनी आहेत, साठा कशात अडकलाय, संबंधित पक्षांशी व्यवहार. खासगी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून ताळेबंद पाहता येतो. मात्र क्लायंटबद्दल काही उतरवण्याआधी मॅनेजरला विचारा.

शेवटी मॅनेजरला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: शेवटी निर्णय कोण घेणार? त्याला कुठल्या तारखेला काय दाखवायचं? माझा तुकडा कोणता? तो तुकडा पूर्ण झाला हे कशावरून ठरेल? चौथा प्रश्न विचारायला नवी माणसं कचरतात, आणि रात्री दोनला स्लाइड पुन्हा कराव्या लागतात त्या बहुतेक वेळा त्याच्याचमुळे.

४. डेटा मागणं

‘मागच्या तीन वर्षांचा विक्रीचा डेटा द्या’ अशी मेल पाठवली तर शाखावार बेरजेची पीडीएफ येते. मागणी अशी हवी: एप्रिल ते मार्च अशी तीन आर्थिक वर्षं, इनव्हॉइसच्या ओळीच्या पातळीवर, कॉलम हे हे: इनव्हॉइस क्रमांक, तारीख, ग्राहक कोड, वस्तू कोड, नग, दर, सूट, कराआधीची रक्कम, क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची किंवा नंतर दिलेल्या सुटीची वजावट) वेगळ्या, एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये. सोबत दोन ओळींचा रिकामा नमुना जोडा. देणाऱ्याचा वेळ वाचतो आणि डेटा लवकर येतो.

मेल विभागप्रमुखाला जाते, पण फाइल काढून देणारा माणूस वेगळा असतो, हिशेब विभागातला किंवा ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदणारं सॉफ्टवेअर) सांभाळणारा. त्याचं नाव पहिल्याच दिवशी शोधा, त्याच्या टेबलापाशी जाऊन बसा. महिनाअखेरीला आणि जीएसटी रिटर्नच्या दिवसांत त्याच्याकडे काही मागू नका.

मागितलेल्या प्रत्येक गोष्टीचा तक्ता ठेवा: काय मागितलं, कुणाला, कधी, आलं का, आलेल्यात काय कमी आहे.

५. एक्सेल: इथेच नाव होतं किंवा जातं

आलेली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका. काम प्रतीवर करायचं.

*आधी बेरीज जुळवा.* फाइलमधली एकूण विक्री आणि नफा-तोटा पत्रकातली विक्री शेजारी ठेवा. समजा फाइल ४१२ कोटी सांगते आणि नफा-तोटा पत्रक ३५० कोटी. फरक बहुतेक वेळा या चार जागी सापडतो: रकमेत जीएसटी धरलाय, क्रेडिट नोट वजा नाहीत, एका डेपोतून दुसऱ्यात गेलेला माल विक्रीत मोजलाय, किंवा रद्द झालेली इनव्हॉइस तशीच आहेत. वरच्या आकड्यांत ३५० ला १.१८ ने गुणलं (१८ टक्के जीएसटी) तर ४१३ येतात, म्हणजे पहिला संशय कशावर घ्यायचा ते उघड आहे. हे जुळल्याशिवाय एकही पिव्होट (सारांश तक्ता) काढू नका. उरलेला छोटा फरक किती आणि का, हे एका शीटवर लिहून ठेवा.

*मग घाण काढा.* नेहमीचे दोष:

- आकडे मजकूर म्हणून साठवलेले. सेलच्या डावीकडे चिकटलेले दिसतात आणि बेरजेत येत नाहीत.
- काही ईआरपीतून उणे चिन्ह आकड्याच्या मागे लागून येतं, ‘१,२००-’ असं. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि परतावे बेरजेतून गळतात.
- वस्तू कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे पुढचे अंक शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. असे कॉलम फाइल आत घेतानाच मजकूर म्हणून घ्या.
- तारखांत दिवस-महिना उलटे. ५ एप्रिलचं ४ मे होतं आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. बारा तारखेनंतरचे दिवस मजकूर राहिलेत का ते बघा, तीच खूण.
- ‘नाशिक’, ‘नासिक’ आणि मागे एक मोकळी जागा असलेलं ‘नाशिक ’ ही एक्सेलला तीन शहरं वाटतात.
- शीटच्या १०,४८,५७६ ओळी संपल्या की पुढचा डेटा उघडतच नाही. बरोबर एवढ्याच ओळी दिसल्या तर सावध व्हा.

*व्हीलूकअप* (एका यादीतला कोड दुसरीत शोधणारं सूत्र) वापरताना शेवटचा पर्याय रिकामा सोडलात तर ते अंदाजे जुळणारं उत्तर देतं, आणि ते खरं दिसतं. एक्सलूकअप मुळातच तंतोतंत जुळणी शोधतं. पण ग्राहक यादीत एकच कोड दोनदा असेल तर दोन्ही सूत्रं पहिलाच सापडलेला उचलतात, म्हणून आधी दुहेरी नोंदी मोजा.

*टक्क्यांची सरासरी काढू नका.* एका मालाची विक्री २ कोटी, मार्जिन ४० टक्के. दुसऱ्याची ८ कोटी, मार्जिन १० टक्के. सरासरी २५ टक्के नाही. नफा ०.८ अधिक ०.८ म्हणजे १.६ कोटी, भागिले १० कोटी, म्हणजे १६ टक्के. ही चूक पार्टनर लोक (फर्मचे सर्वांत वरचे भागीदार) आकडा बघूनच पकडतात.

*एकक.* दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. परदेशी पालक कंपनीचा क्लायंट असेल तर एका डेकमध्ये (स्लाइडच्या संचात) कोटी आणि मिलियन दोन्ही शिरतात. प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर एकक लिहा.

सूत्रांत आकडे कोंबू नका. दर, वाढीचा टक्का, डॉलरचा भाव असं जे काही गृहीत धरलंय ते वेगळ्या शीटवर, निळ्या अक्षरांत, शेजारी स्रोत आणि तारीख. सूत्रं काळ्यात. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरायचा नाही, कारण ‘फायनल-फायनल-२’ कुठली खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

६. माणसांशी बोलणं आणि कारखान्यात जाणं

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, सातपूर अशा ठिकाणी जाणार असाल तर आधी साप्ताहिक सुटी विचारा. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखाने रविवारी नव्हे, गुरुवारी बंद असतात. सेफ्टी शूज स्वतःचे घ्या, पाहुण्यांसाठी ठेवलेले मापाचे मिळत नाहीत. फोटो काढायचा तर लेखी परवानगी. जीन्स चालेल का हे विचारा, पण टाय लावून शॉपफ्लोअरवर जाऊ नका. फिरत्या मशीनपाशी ते धोक्याचंच आहे.

सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्याशी मराठीत बोला, येत असेल तर त्यांच्या भागातल्या मराठीत. त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: ‘माणसं कमी करायला आलात का?’ यावर खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि भीतीही घालायची नाही. ‘काम कुठे अडतं ते समजून घ्यायला आलोय, निर्णय कंपनीचा’ इतकंच सांगा, कारण तेवढंच तुम्हाला माहीत असतं. वयाने मोठ्या फोरमनला ‘काका’ म्हणण्यात काही बिघडत नाही, अधिकाऱ्यांच्या बैठकीत मात्र ‘सर’, ‘मॅडम’च.

‘मशीन किती वेळ बंद असतं?’ याला ‘फारसं नाही’ असं उत्तर येतं. ‘काल दुसऱ्या पाळीत किती वेळा थांबलं? सगळ्यात लांब कितीचं? का?’ याला खरं उत्तर येतं. आणि लॉगबुक मागा.

ओईई (मशीनच्या वेळेचा किती टक्के भाग चांगला माल करण्यात गेला ते) हा शब्द पहिल्याच भेटीत कानावर येईल, म्हणून एकदा हाताने करून बघा. आठ तासांची पाळी ४८० मिनिटं, जेवण-चहा ३०, उरली ४५०. मशीन ६० मिनिटं बंद, चाललं ३९०: उपलब्धता ८६.७ टक्के. एका नगाला एक मिनिट धरलं तर ३९० व्हायला हवेत, झाले ३४०: वेग ८७.२ टक्के. त्यातले चांगले ३३०: गुणवत्ता ९७.१ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७३.३ टक्के. पडताळा सोपा आहे, ३३० भागिले ४५०. कारखान्याने सांगितलेली ओईई ९५ टक्के असेल तर नियोजित देखभाल आणि साचा बदलण्याचा वेळ आधीच वजा केलाय का ते विचारा, बहुतेक वेळा केलेला असतो. किंवा नगाला लागणारा वेळ सैल धरलेला असतो.

मुलाखतीची टिपणं त्याच दिवशी टाइप करा. ‘ते म्हणाले’ आणि ‘मला वाटतं’ यांचे रकाने वेगळे.

७. स्लाइड

आधी कागदावर मथळे लिहा, प्रत्येक स्लाइडला एक पूर्ण वाक्य. ‘विक्रीचं विश्लेषण’ हा मथळा नव्हे. ‘विदर्भातली घट जवळजवळ सगळी दोन वितरकांमुळे’ हा मथळा. फक्त मथळे ओळीने वाचून गोष्ट कळली पाहिजे. मग ते मॅनेजरला दाखवा आणि त्यानंतरच पॉवरपॉइंट उघडा. हा क्रम उलटा झाला की रंगवलेल्या वीस स्लाइड फेकाव्या लागतात.

पाठवण्याआधी छापून, पेन हातात घेऊन तपासा. स्क्रीनवर स्वतःच्या चुका दिसत नाहीत. मथळ्यातला आकडा आणि चार्टमधला आकडा एकच आहे का. टक्के मिळून १०० होतात का (९९ किंवा १०१ आले तर ‘पूर्णांकनामुळे बेरीज जुळणार नाही’ अशी टीप). स्रोत लिहिलाय का. जुन्या क्लायंटचं नाव कुठे राहिलंय का. एक्सेलमधून चिकटवलेल्या चार्टच्या आत अख्खी एक्सेल फाइल दडलेली असू शकते, हे लोक विसरतात आणि साऱ्या ग्राहकांचे दर क्लायंटच्या भलत्याच विभागाला पाठवून बसतात. लपवलेल्या शीट, कॉमेंट आणि स्पीकर नोट्सही तशाच.

८. गुप्तता

क्लायंटचं नाव घरीही नको. पुणे-मुंबई प्रवासात डेक्कन क्वीनच्या डब्यात मोठ्याने कॉल घेणाऱ्याच्या शेजारी त्याच उद्योगातला माणूस बसलेला असण्याची शक्यता चांगलीच असते. लॅपटॉपला प्रायव्हसी फिल्टर लावा. डेटा स्वतःच्या मेलवर, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बाहेरच्या फुकट एआय साधनात क्लायंटचा परिच्छेद चिकटवणं म्हणजे तो बाहेर देणंच. फर्मने मंजूर केलेलं साधन असेल तेवढंच वापरा.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं काम करत असाल तर सेबीचे इनसायडर ट्रेडिंग प्रतिबंधाचे २०१५ चे नियम तुम्हालाही लागू होतात. अप्रकाशित, भाव हलवणारी माहिती कुणाकुणाला दिली याची नोंद कंपनीला पॅनसकट ठेवावी लागते आणि त्या यादीत तुमचं नाव असू शकतं. त्या कंपनीचे शेअर घेऊ नका, विकू नका, मेव्हण्याला इशारा देऊ नका. म्युच्युअल फंडाची चालू एसआयपी सहसा अडचणीची नसते, पण फर्मचं धोरण वाचा.

कर्मचाऱ्यांच्या पगाराची किंवा ग्राहकांच्या मोबाइल क्रमांकांची फाइल आली तर काम नावांशिवाय होईल का ते आधी बघा. बहुतेक वेळा होतं. मग नावं काढून कोड लावूनच फाइल पुन्हा मागवा.

९. प्रवास आणि बिलं

तिकीट काढताना आणि हॉटेलात शिरताना फर्मचा जीएसटी क्रमांक द्या, नंतर बिल बदलून मिळत नाही. कुठल्या राज्याचा क्रमांक द्यायचा हे फायनान्सला विचारा. हॉटेलवर कर त्या हॉटेलच्या राज्याचा लागतो, आणि भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळत असेल तर तिथल्याच नोंदणीवर मिळतं. विमानाचा बोर्डिंग पास म्हणजे कराचं बिल नव्हे, ते एअरलाइनच्या साइटवरून वेगळं उतरवावं लागतं. थर्मल कागदाची बिलं महिन्याभरात पांढरी होतात, त्याच रात्री फोटो काढा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत क्रेडिट कार्डाचं बिल परतफेडीच्या आधी येतं. तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

१०. फीडबॅक, बेंच आणि प्रोजेक्टचा शेवट

फीडबॅक प्रोजेक्ट संपल्यावर मागितला तर ‘छान काम केलंस’ मिळतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागा आणि नेमकं विचारा: ‘माझ्या शेवटच्या फाइलमध्ये तुम्हाला काय दुरुस्त करावं लागलं?’

चूक सापडली, मग ती क्लायंटकडे गेलेली असली तरी, तासाभरात सांगा. कुठला आकडा, किती फरक, निष्कर्ष बदलतो का, दुरुस्त पान कधी मिळेल, या चार गोष्टींसकट.

दोन प्रोजेक्टच्या मधल्या काळात बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसावं लागतं, त्यात कमीपणा नाही. ते दिवस प्रपोजलवर काम करायला वापरा. ज्या पार्टनरसोबत पुढे काम करायचंय त्याच्याशी ओळख तिथेच होते.

प्रोजेक्ट संपताना: अंतिम डेक, त्यातल्या प्रत्येक आकड्यामागची फाइल, गृहीतकांची शीट आणि डेटा-मागणीचा तक्ता सामायिक फोल्डरमध्ये टाका. मशीनवरच्या क्लायंटच्या प्रती फर्मच्या धोरणाप्रमाणे काढून टाका, गेटपास परत करा, आणि ज्याने फाइली काढून दिल्या त्याला फोन करा. सहा महिन्यांनी क्लायंटकडून एखाद्या आकड्याबद्दल विचारणा येते, तेव्हा त्याचीच मदत लागते.